काळी बटणं

फोटो पडद्यावर पसरला तेव्हा मी चहाचा पेला तोंडाला लावला होता. तो तसाच खाली ठेवला. फोटोत चार शिपाई एका लाकडी खोपटापुढे उभे होते. डावीकडून दुसऱ्याच्या जाकिटावर पाच बटणं होती आणि पाचही काळी होती.

आधी वाटलं, सावली असेल. मी उजेड वाढवून बघितला, कमी करून बघितला. पितळी बटण फोटोत कधी सपाट काळं दिसत नाही. कितीही मळलेलं असो, कडेला कुठेतरी उजेडाचा ठिपका धरून ठेवतंच. ही बटणं मात्र जाड, मंद, चार भोकांची होती. जुने फोटो पुन्हा उतरवून घ्यायला आणलेल्या नव्या मशीननं फोटो इतका मोठा केला होता की भोकांतला दोरासुद्धा दिसत होता. उरलेल्या तिघांची बटणं बघितली, तीही तशीच. मी उठून दाराला आतून कडी लावली, जणू बाहेरून कुणी बटणं बघायला येणार होतं.

मी लष्करी संग्रहालयाच्या फोटो-विभागात काम करते. बत्तीस वर्षं झाली. लोकांच्या ट्रंकांतून, पेट्यांतून जुने फोटो आमच्याकडे येतात. कुणाचे आजोबा, कुणाचा काका. मागे ना नाव, ना तारीख. फोटोतल्या माणसाच्या कपड्यांवरून तो कधी काढला ते सांगायचं, हे माझं काम. टोपी कुठल्या घाटाची, तिच्यावरचा बिल्ला कुठला, पट्ट्याचं बक्कल कसं, बाहीवर फिती किती. लष्करात या गोष्टी हुकमानं बदलतात आणि हुकमाला तारीख असते, त्यामुळे कपडे वाचता आले की वर्ष सापडतं. मी सगळ्यात आधी टोपी बघते, म्हणून कार्यालयात मला टोपीबाई म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला कान आहेत.

मी जात्याच भित्री आहे, हे सांगून टाकलेलं बरं. लिफ्टला भिते, कुत्र्याला भिते, रजिस्टर टपाल आलं तर सही करताना माझं अक्षर बदलतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी त्याचं सगळं बिऱ्हाड लागलेलं असतं. लग्न केलं तेही माझ्यासारख्याच माणसाशी. आमचे हे शाळेत चित्रकला शिकवायचे आणि पोरांना भ्यायचे. दोन सशांचा संसार, पण चांगला झाला. जगात एकाच ठिकाणी मला कधी भीती वाटली नाही, ती म्हणजे माझ्या टेबलापाशी, हातात भिंग असताना. तिथे मी जे म्हणेन ते खरं असायचं.

आणि त्या दिवशी त्याच टेबलापाशी मी दाराला कडी लावून बसले होते.

फोटोच्या मागे माझ्याच अक्षरात पेन्सिलनं लिहिलेलं होतं: ‘जूनच्या आधीचा’. खाली माझी सही, एकोणीस वर्षांपूर्वीची.

तेव्हा संग्रहालयाच्या आवारात पहिल्यांदा स्मारकाची भिंत उभी राहत होती. लढाईत कामी आलेल्यांची नावं तिच्यावर लागणार होती. एक बाई तिच्या दिरासोबत आली. पन्नाशीची, काटकुळी, पदराच्या टोकानं सारखी कपाळ टिपणारी. तिच्या नवऱ्याचं नाव यादीत नव्हतं. लष्कराच्या कागदांत तो फरारी होता. एकवीस ऑगस्टला नदीकाठच्या हजेरीत तो हजर नव्हता आणि नंतर कधीच सापडला नाही. बोलणं सगळं दीरच करत होता. म्हणत होता, हा फोटो त्यानंतर टपालानं घरी आला, पाकीट पावसात भिजून शिक्का पुसला गेला, पण आला नंतरच. बघा, हा डावीकडून दुसरा, अंगावर गणवेश आहे, माणूस चौकीत उभा आहे. पळालेला माणूस गणवेश घालून चौकीपुढे फोटो काढून घेईल का?

खोपटावर पाटी होती, चौकी अकरा. ही डोंगरातली चौकी पुढे वेढ्यात सापडली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पडली. तिथून एकही माणूस परत आला नाही. आता, या शिपायाची नेमणूक त्याच वर्षी उन्हाळ्यात चौकी अकरावर होती. नदीवर त्याला जुलैत पाठवलं होतं. म्हणजे प्रश्न एवढाच होता, फोटो उन्हाळ्यातला की ऑगस्टनंतरचा. उन्हाळ्यातला असेल तर त्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. नंतरचा असेल तर माणूस पळाला नव्हता, आपल्या जुन्या चौकीत जाऊन मिळाला होता.

मी टोपी बघितली. चौघांच्याही टोपीवर शिंगाचं चिन्ह असलेला बिल्ला होता. त्या वर्षी जूनमध्ये हुकूम निघाला आणि शिंगाच्या जागी तारा आला, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मी भिंग खाली ठेवलं आणि म्हटलं, हा फोटो जूनच्या आधीचा आहे. पाच मिनिटंही लागली नाहीत. दिराचा चेहरा पडला. ती बाई मात्र उठली, मला नमस्कार केला आणि म्हणाली, “तुम्ही म्हणता तर तसंच असेल.” तिच्या आवाजात राग नव्हता. किती समजूतदार बाई, असं मी त्या दिवशी घरी येऊन ह्यांना सांगितलंही होतं.

चूक कुठे झाली ते आता मला लख्ख दिसत होतं. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात: फोटोत नवी वस्तू दिसली तर फोटो तिच्या नंतरचा, हे पक्कं. जुनी वस्तू दिसली म्हणून फोटो तिच्या काळातला, हे पक्कं नाही. जुनी वस्तू माणसं वर्षानुवर्षं वापरतात. बिल्ला धातूचा, तो झिजत नाही, हरवला नाही तर बदलायचं कारण नाही. जाकीट मात्र सहा महिन्यांत विरतं. डोंगरातल्या चौकीत नवे बिल्ले पोचले नसतील आणि नवी जाकिटं पोचली असतील, एवढी साधी गोष्ट. टोपी बघितली आणि मी थांबले. गळ्याच्या खाली उतरलेच नाही.

बरं, बटणांचं मला माहीत नव्हतं असंही नाही. माझे वडील शिंपी होते. लढाईच्या वर्षी त्यांच्याकडे लष्कराच्या जाकिटांचं काम होतं. मी अकरा वर्षांची होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला दुकानात पितळी बटणं यायची बंद झाली आणि काळ्या बटणांची पोती आली. वडील म्हणाले, पितळ सगळं तोफांकडे चाललंय. शाळेतून आल्यावर मी आणि आई दिवेलागणीपर्यंत जाकिटांना बटणं लावायचो. माझ्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते. त्याआधी काळं बटण लष्कराच्या जाकिटावर नव्हतंच. हे सांगू शकेल असं माणूस सबंध कार्यालयात एकच होतं आणि ते पाच मिनिटांत उठून गेलं होतं.

मी तळघरात गेले आणि पुरवठ्याची जुनी वही काढली. मनातून इच्छा अशी की काही सापडू नये. सापडलं. ‘चौकी ११. जाकिटं, काळी बटणं, बत्तीस नग. चौदा सप्टेंबर, खेचरांवरून रवाना.’ त्याच्या खालच्या ओळीत: ‘टोपीचे नवे बिल्ले, शिल्लक नाहीत.’

मी तळघराच्या जिन्यावरच बसले. वहीच्या त्या दोन ओळी एकोणीस वर्षं माझ्या पायाखालच्या मजल्यावर पडून होत्या.

गुरुवार होता. स्मारकाची जुनी भिंत पावसानं खचली होती, म्हणून नवी दगडी भिंत होत होती. नावांची यादी सोमवारी बारा वाजता पाथरवटांकडे जाणार होती. दगडात एकदा नाव कोरलं की पुढे त्यात कुणाला घुसवायला जागा नसते, ओळी मोजून आखलेल्या असतात. म्हणजे माझ्याकडे साडेतीन दिवस होते. माझ्या निवृत्तीला अकरा महिने होते. हे दोन आकडे त्या दिवशी माझ्या डोक्यात एकमेकांच्या उरावर बसले होते.

शुक्रवारी सकाळी साहेबांकडे गेले. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत. फौजेतून निवृत्त होऊन इथे आले, टेबल आरशासारखं ठेवतात, कुणावर ओरडत नाहीत. त्यांच्या न ओरडण्याचीच मला जास्त भीती वाटते. मी फोटो दाखवला, वही दाखवली, बटणांचं सांगितलं. मी सांगत असतानाच त्यांनी स्वतःच्या पेल्यातलं पाणी पुढे केलं. मग ते फोटो न बघता खिडकीतून खाली, दगड उतरवत होते तिकडे बघू लागले.

“बाई, आजवर किती फोटोंना तारखा दिल्यात तुम्ही?”

“तीन हजार आठशे असतील.”

“त्यातल्या किती जणांची नावं तुमच्या तारखेवरून भिंतीवर आली, किंवा यायची राहिली?”

मी म्हटलं, मोजलं नाही. ते म्हणाले, लोक मोजतील. एक तारीख चुकली असं आपणच लिहून दिलं की उद्या प्रत्येक घरातून माणूस येऊन विचारेल, आमची कशावरून बरोबर. चौकशी लागेल, तुमची आणि या विभागाची. भिंत थांबेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं काही ते म्हणाले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं. शेवटी म्हणाले, भिंत होऊन जाऊ द्या, मग निवांत बघू.

“मग दगडात जागा नसेल, साहेब.”

“घरच्यांचा अर्ज आला असता तर गोष्ट वेगळी. अर्ज आला की मला घ्यावाच लागतो. पण त्यांना कसं कळणार, नाही का?”

त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवला. मी ‘हो साहेब’ म्हटलं आणि बाहेर आले. खरं सांगते, बाहेर आल्यावर मला आधी सुटल्यासारखंच वाटलं. वरिष्ठांनी नको म्हटलंय, आपण काय करणार. जेवणाच्या सुट्टीत डबा खाल्ला, चवीनं खाल्ला. दुपारी मात्र फोटोची फाइल जागेवर ठेवायला गेले तेव्हा तिच्यात त्या बाईचा पत्ता दिसला आणि मी तो चिठ्ठीवर उतरवून घेतला. पत्ता बसनं वीस मिनिटांवरचा होता.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हे म्हणतील, कशाला उगाच विस्तवात हात घालतेस, अकरा महिने राहिलेत. मला तेच ऐकायचं होतं. ह्यांनी ते म्हटलं नाही. रात्रभर मी डोळे उघडे ठेवून छत बघत होते. चौकशीचे साहेब डोळ्यांपुढे येत, एकेक फोटो उचलून विचारत, हा कशावरून, हा कशावरून, आणि मला एकही टोपी ओळखता येत नसे. पहाटे ह्यांनी कूस बदलून विचारलं, “मी येऊ का बरोबर?”

शनिवारी आम्ही गेलो. बसमध्ये मी पर्स पोटाशी धरून बसले होते. आत तो फोटो, मोठा करून छापलेला, आणि अर्जाचा कोरा कागद. बाई जिवंत असेल का, इथपासून भीती सुरू झाली. नसेल तर मी सुटले, असं मनात आलं, आणि असं मनात आलं याचीच मग भीती वाटली. असेल तर काय करेल? तोंडावर दार लावेल, शिव्या देईल, आळी गोळा करेल. एकोणीस वर्षं. मी एवढंच मोजलं होतं. त्याआधीची सत्तावीस मी मोजायलाही धजत नव्हते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ह्यांचेच पाय अडले. म्हणाले, मी इथे कोपऱ्यावर थांबतो, काही झालं तर हाक मार. मला हसू आलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त भीती वाटत होती आणि तरी ते तिथवर आले होते.

खाली सायकल-दुरुस्तीचं दुकान, वर जायला लोखंडी जिना. दार उघडलं ते त्या बाईच्या मुलीनं. मुलगी म्हणजे माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, अंगावर नर्सचे पांढरे कपडे, हातात घड्याळ बांधणं चाललेलं. मी संग्रहालयाचं नाव घेताच तिचा हात थांबला.

“तुम्हीच ना त्या टोपी बघून सांगणाऱ्या?”

मी मान हलवली. आत एका खुर्चीवर ती बाई बसली होती. केस सगळे पांढरे, अंगानं आणखी वाळलेली, पण तीच. मला ओळखलं की नाही कळेना. मी बसले नाही, बसले असते तर बोलू शकले नसते. उभ्या उभ्याच एका दमात सांगितलं, की माझी चूक झाली. फोटो जूनच्या आधीचा नव्हता, सप्टेंबरच्या मधल्या दिवसांनंतरचा होता. बटणं, जाकिटं, वही, सगळं. तुमचे यजमान पळाले नव्हते. ते नदीवर वाट चुकले असतील आणि आपल्या जुन्या चौकीत जाऊन मिळाले. तिथले कागद वेढ्यातून बाहेर आलेच नाहीत, म्हणून कुणाला कळलं नाही. फोटो तेवढा शेवटच्या खेचरांबरोबर निघालेल्या टपालातून आला. सोमवारी बाराच्या आत अर्ज दिला तर नाव भिंतीवर लागेल.

मुलगी भिंतीला टेकली. तिचा आवाज चढला नाही, तो बारीक झाला. शाळेत तिला काय म्हणत ते तिनं सांगितलं. पळपुट्याची पोर. धावण्याच्या शर्यतीत पहिली आली तर वर्ग हसायचा, म्हणे रक्तातच आहे. दोन ठिकाणी जमत आलेलं लग्न मोडलं ते याच्यावरूनच. काकांनी शेवटपर्यंत अर्ज केले आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं की संग्रहालयाचा दाखला पाहा. तो दाखला म्हणजे माझे दोन शब्द.

“पाच मिनिटं,” ती म्हणाली. “काका सांगायचे, पाच मिनिटं पण लावली नाहीत बाईनं.”

ज्याची भीती होती ते समोर आलं होतं आणि ते माझ्या वाट्याचंच होतं. मी म्हटलं, खरं आहे. तेवढंच म्हणता आलं. ती रडायला लागली आणि मलाही रडू येत होतं, पण तिच्यापुढे रडायचा मला काही हक्क नव्हता, म्हणून मी ओठ दाबून उभी राहिले.

म्हातारीनं हात पुढे केला. मी मोठा केलेला फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

“ती चौकी पडली ना?” तिनं विचारलं.

“हो.”

“आणि कुणीच आलं नाही तिथून.”

“नाही आलं.”

“मग गेलेच ते,” ती म्हणाली.

मला तेव्हा कळलं. सगळ्या बसभर, सगळ्या रात्रभर मी कशाकशाला भ्याले होते, पण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी निरोप घेऊन आले होते की तुमचा माणूस पळपुटा नव्हता. तिच्या कानांवर निरोप पोचला होता की तुमचा माणूस मेला.

ती सावकाश बोलत गेली, मधेच थांबून, जणू कपाटातून जपून एकेक वस्तू काढत होती. “त्या दिवशी तुमच्या हापिसात मला दिरानं आणलं होतं. कलंक धुऊन काढू म्हणायचे. मला तर घाम फुटला होता. म्हटलं, ही बाई आता सांगणार, फोटो नंतरचा आहे. मग तुम्ही म्हणालात, आधीचा. मी हलकी होऊन बाहेर पडले. दीर रस्ताभर चिडले होते आणि मी मनात म्हणत होते, बरं झालं. पळालेत ना, मग कुठंतरी असतील. दुसरं घर केलं असेल, पोरंबाळं असतील. असू देत. कलंकानं काही माणूस मरत नाही.”

मुलीनं डोळे पुसले आणि आईकडे बघत राहिली. हे तिनंही कधी ऐकलेलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. “आई, तू इतकी वर्षं…” एवढं म्हणून ती थांबली. म्हातारी म्हणाली, “तुला काय सांगायचं? तुला त्रास होत होता, दिसत होतं मला. पण मी काय केलं असतं? तुझ्यासाठी त्यांना मारलं असतं का?”

खाली कुणीतरी सायकलीचं चाक फिरवून बघत होतं, त्याचा आवाज वर येत होता. मला पळून जावंसं वाटत होतं.

मग तिनं पुन्हा फोटोकडे बघितलं. नवऱ्याच्या जाकिटावर बोट ठेवून विचारलं, हे नवं दिसतंय, गरम होतं का? मी म्हटलं, होतं, आतून लोकरीचं अस्तर होतं, आमच्या दुकानातही तशीच शिवली जायची. “त्यांना थंडी सोसायची नाही,” ती म्हणाली. हे बटण मीच लावलं असेल, असं सांगायचा मला फार मोह झाला. तिला बरं वाटलं असतं, मला त्याहून जास्त वाटलं असतं. पण अंदाज खात्री म्हणून सांगायचा नाही, हे मला शिकायला आयुष्य लागलं होतं, म्हणून मी गप्प बसले.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण गोष्टीचा शेवट माहीत नसला की मला स्वतःलाच धडधडतं. नाव भिंतीवर लागलं. सोमवारी साडेदहाला मी अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला, त्यांनी तो दोनदा वाचला आणि शिक्का मारला. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. चौकशी लागली. तीन हजार आठशेंपैकी चौदा तारखा चुकीच्या निघाल्या, त्यातल्या सात मीच शोधून दिल्या. निवृत्तीचा समारंभ झाला नाही. भीती काही गेली नाही, रजिस्टर टपाल आलं की अजून अक्षर बदलतं.

पण तो शनिवार सांगत होते. मी अर्ज टेबलावर ठेवला. वरच्या अर्ध्या भागात संग्रहालयानं लिहायचं असतं. तिथे मी लिहिलं, ‘या फोटोची मी पूर्वी दिलेली तारीख चुकीची होती’, आणि खाली सही केली. पेन दोनदा अडकलं. खालचा अर्धा भाग घरच्यांचा. मुलीनं नाव, पत्ता, पलटण, सगळं भरलं. नर्सचं अक्षर होतं, घाईचं पण वाचता येणारं. मग ती एका ओळीपाशी थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. छापलेलं होतं: ‘अर्जदाराचे शिपायाशी नाते: पत्नी / विधवा. लागू नसेल ते खोडावे.’

“मी खोडते, आई,” ती म्हणाली. “तू फक्त सही कर.”

“नको. आण इकडं.”

मी म्हणाले, आज नको असेल तर राहू द्या, उद्याही येईन मी, सोमवारपर्यंत वेळ आहे. आणि नकोच असेल तरी चालेल, फरारीच राहतील ते कागदावर. तिनं माझ्याकडे जरा आश्चर्यानं बघितलं. म्हणाली, “तिकडं मरून पडले आणि इकडं त्यांना पळपुटा ठेवू का मी? आता कळल्यावर?”

मुलीनं अर्जाखाली पुठ्ठा धरला. म्हातारीनं पेन हातात घेतलं, दोन्ही शब्द वाचले. वाचताना तिचे ओठ हलत होते. पेनाचं टोक कागदाच्या वर नुसतं धरून ती इतका वेळ बसली, की खाली कोपऱ्यावर आमचे हे घाबरून गेले असतील असं मला वाटलं. मग तिनं दुसऱ्या हाताचं बोट पट्टीसारखं कागदावर ठेवलं आणि ‘पत्नी’ या शब्दावरून एक सरळ रेघ ओढली. रेघ कुठेही हलली नाही. खाली सही केली, शाईवर फुंकर घातली आणि कागद माझ्याकडे दिला.

“अजून कुठं सही लागते का?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही, एवढंच होतं.